सारखीच, पण ती नव्हे

सायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, एका शनिवारी जाऊ आणि घेऊन येऊ. पुण्यात असं काही होत नाही. इथे मिक्सरचं भांडं घ्यायचं म्हटलं तरी चार जणांना विचारावं लागतं आणि न विचारता आणखी आठ जण सांगून जातात. सायकलीच्या बाबतीत तर अख्खं शहर तज्ज्ञ. ज्यांनी कित्येक वर्षांत पायडलला पाय लावलेला नाही ते सगळ्यात मोठे.

मी वारज्याला राहते, ऑफिस बाणेरला. अंतर म्हणावं तर काहीच नाही, पण मध्ये चांदणी चौक. तिथल्या पुलाचं काम गाडीच्या काचेतून बघून बघून माझी मान आखडली होती, आणि हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाई, जरा हलत राहा. शिवाय ऑफिसातली निम्मी मंडळी रविवारी पहाटे खडकवासल्याला सायकली हाणायला जात आणि सोमवारी डब्याच्या वेळी त्याच त्या चढाची वर्णनं करत. ऐकून कान किटले होते. म्हटलं, ऐकण्यापेक्षा चालवलेली बरी.

म्हणून हायब्रिड. रेसिंगसारखी पाठ वाकवून टाकणारी नाही, डोंगरातल्यासारखी जाड टायरची नाही. रोज ऑफिसला चालेल आणि रविवारी कच्च्या रस्त्यावर तक्रार करणार नाही, अशी. नारायण पेठेतल्या एका दुकानात निवडता निवडता शेवटी दोन उरल्या. एकाच कंपनीच्या, एकाच राखाडी निळ्या रंगाच्या, किंमतही जवळपास तीच. एकीला पुढे स्प्रिंगा आणि डिस्क ब्रेक. दुसरीला पुढे स्प्रिंगा नसलेला साधा फोर्क, ब्रेक रबराचे, आणि उचलायला जरा हलकी. शेजारी शेजारी लावल्या की लांबून कोणती कुठली ते कळत नसे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जुना स्क्रीन आणि नवा स्क्रीन समोरासमोर ठेवून फरक शोधायचा, यावर माझं पोट चालतं. तरी मला ठरवता येईना.

त्या हलक्या सायकलीला मागच्या चाकाजवळ दोन बारीक भोकं होती. मी दुकानदाराला विचारलं, ही कशाला?

“कॅरिअर लावायला.”

“हायब्रिडला कॅरिअर कोण लावतं?”

“कोणी नाही. म्हणून तर भोकं रिकामी आहेत,” असं म्हणून त्याने घड्याळाकडे बघितलं. एक वाजत आला होता, आणि एक ते चार त्या दुकानात देव आला असता तरी त्याला पायरीवर बसावं लागलं असतं. मी गुपचूप बाहेर पडले. माझ्यामागे शटर खाली आलं.

पुढच्या खेपेला बाबांना बरोबर नेलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. धाकटा भाऊ अमेरिकेत. मी लग्न केलेलं नाही. त्याची कारणं आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा, माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहेत. बाबा मूळचे वर्धेकडचे. तरुणपणी पोटासाठी पुण्याला आले आणि एका इंजिनिअरिंग कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले. मशीनवरून येणारे सुटे भाग तपासायचे. चांगला तो ट्रेमध्ये, वाईट त्याच्यावर लाल खडूची रेघ. घरी येताना खिशात खडूचा तुकडा राहायचाच, आईचं धुणं लाल व्हायचं आणि मग आई जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबांच्या दोन भाषा होत्या. बाहेरच्यांशी बोलताना अगदी पेठेत जन्मल्यासारखे, अहो-आपण, ण आणि ळ जागच्या जागी. उंबरठ्याच्या आत मात्र वऱ्हाडी. ती फक्त आईशी, माझ्याशी आणि भावाशी. त्यांचं माणूस कोण आणि परकं कोण, हे त्यांनी तोंड उघडलं की कळायचं.

दुकानात ते दोन्ही सायकलींसमोर उकिडवे बसले. पायडल उलटं फिरवून कान देऊन ऐकलं. मग हलकीच्या त्या भोकांवर बोट ठेवलं.

“हे घे.”

“का?”

“दुसरीले कॅरिअर लागत नाही. मंग तू बसशील कुठं?”

मी हसले. दुकानदारही हसला, आणि तो हसतो हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बाबा मात्र हसले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आपण काय चुकीचं बोललो ते शोधत असल्यासारखे.

कॅरिअरचं सांगायला हवं. आम्ही तेव्हा दापोडीला राहायचो आणि माझी शाळा बाबांच्या कारखान्याच्या वाटेवर होती. पहिल्या पाळीला जाताना ते मला मागे कॅरिअरवर बसवून न्यायचे. मी त्यांचा शर्ट मुठीत धरून बसायची आणि शाळा येईपर्यंत अखंड बडबड करायची. ते पुढे बघून हुंकार द्यायचे. बाबांच्या पाठीशी मी आयुष्यात जेवढं बोलले आहे तेवढं त्यांच्या तोंडाशी बोललेली नाही. डबलसीटला तेव्हा पोलीस पकडत. चौक जवळ आला की बाबा म्हणायचे, “उतर, मामा हाय.” मी उडी मारून उतरायची, शहाण्या मुलीसारखी फुटपाथवरून चौक ओलांडायची, आणि पुढे कोपऱ्यावर ते थांबलेले असायचे. वळून बघायचे नाहीत. मी मागून येऊन बसायची, कॅरिअर दबलं की ते पायडल मारायचे.

तर मी हलकी सायकल घेतली. दिवाळीच्या आधी दुकानाच्या माणसाने टेम्पोतून आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी केली. बाबा खाली आले, सायकलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “हे ते नाही होय.”

“बाबा, तीच आहे. निळी, साधा फोर्क, भोकं आहेत बघा.”

“सारखी हाय. पण ते नाही होय.”

मी वैतागून दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, “अहो, डिस्प्लेचा पीस आम्ही देत नाही. खोक्यातला नवा जोडून दिलाय. तेच मॉडेल, तोच रंग. तुम्हाला वापरलेली हवी होती का?”

म्हणजे बाबा बरोबर होते. ती दुसरीच होती. मी गार पडले आणि मग मला अभिमान वाटला. काय नजर आहे या वयात. ऑफिसात मी हा किस्सा सगळ्यांना सांगितला. दुसऱ्या दिवशी सायकलच्या दांडीवर, सीटच्या खाली, एक लाल खडूची रेघ दिसली. मी पुसून टाकली. चांगली सायकल होती हो ती. चांदणी चौकाचा चढ एकदाही न उतरता चढता यायला लागला आणि रविवारी खडकवासल्याला जाऊन मीही सोमवारी वर्णनं करायला लागले.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी बाबा मला म्हणाले, “अहो, जरा पाणी देता का?”

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मीही म्हटलं, “घ्या, आपल्याला ग्लासातून देऊ की तांब्यातून?” ते म्हणाले, “कशातूनही चालेल. आपल्याला उगीच त्रास.” पेला घेताना त्यांनी माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही.

दोनचार दिवस गेले. मी भाजी चिरत बसले होते, ते समोर खुर्चीत. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग अगदी अदबीने विचारलं, “आपण मूळच्या कुठल्या?”

माझ्या हातातली सुरी थांबली. पुण्यात हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे, आडनावावरून काही पत्ता लागत नाही म्हणून. बाबांनी विचारावा असं कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, “बाबा, मी आहे.” त्यांनी मान हलवली, समजूतदारपणे, दारावर आलेल्या विक्रेत्याला नको म्हणताना हलवावी तशी. “सारखी आहात,” ते म्हणाले. “हुबेहूब आहात. पण ती नव्हे.”

मला भीती वाटली, ती ते चुकत होते म्हणून नाही. सायकलीच्या वेळी ते बरोबर होते, म्हणून. ही त्याच माणसाची नजर होती. त्या दिवशी मी बाथरूममध्ये गेले आणि आरशात बघत राहिले. कान, भुवई, हनुवटीवरचा लहानपणचा व्रण. एकेक तपासत होते. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी मला खात्री देता येईना. आपलीच ओळख आपल्याला पटवता येत नाही, याच्यासारखी वाईट गोष्ट नाही. मी दिवा बंद करून बाहेर आले.

बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, असा एक प्रकार असतो. चेहरा ओळखू येतो, पण चेहऱ्याबरोबर जो आपलेपणा यायला हवा तो येत नाही. मग मेंदू आपली एक गोष्ट रचतो, की हे माणूस तसं दिसतं पण बदललेलं आहे. गोळ्या दिल्या. वाद घालू नका म्हणाल्या. वाद घालू नका हे सांगायला काय जातं.

घरात लाल रेघा दिसायला लागल्या. आधी माझ्या ऑफिसच्या बॅगेवर. मग चपलेच्या टाचेवर. मग माझ्या खोलीच्या दारावर, कडीच्या जरा वर, हात सहज पोचेल तिथे. खडू कुठून आणत होते कोण जाणे. मी ओल्या फडक्याने पुसायची, दुसऱ्या दिवशी परत. एकदा दुपारी सोफ्यावर डोळा लागला होता, जाग आली तर बाबा माझ्यावर वाकलेले होते आणि त्यांच्या चिमटीत खडू होता. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. “आपण झोपा,” म्हणाले आणि खडू खिशात टाकून आत गेले. मी कपाळाला हात लावून बघितला. काही नव्हतं.

आणि बाबांनी माझ्या हातचं जेवण सोडलं. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येत, त्यांनी वाढलेलं बाबा जेवत. मी वाढलेलं ताट मात्र तसंच परत. “आपण घ्या, मला भूक नाही.” मावशींच्या सुट्टीला उपास. मनगटं बारीक झाली, पायजम्याची नाडी गोळा करून बांधायला लागले. भावाने अमेरिकेतून फोनवर सुनावलं, “ताई, असं किती दिवस चालणार? मांजरी गावाकडे एक चांगला वृद्धाश्रम आहे, नर्सेस आहेत. मी मेमध्ये येतोय, तेव्हा ठरवून टाकू.” ठरवून टाकू म्हणजे ठेवून टाकू. मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ज्या घरात माणूस मुलीच्या हातचं जेवत नाही त्या घरात तो जगणार किती? मेपर्यंत बाबांनी माझ्या हातचा घास खाल्ला नाही तर मला त्यांना मांजरीला सोडून यावं लागणार होतं.

मार्चमध्ये एकदा ऑफिसात फोन वाजला. बाबांचा. ते महिनोन्महिने मला फोन करत नव्हते. करतील कसा, मी तर घरातच असायची, दुसरीच म्हणून.

“काय करून रायली गं?” ते म्हणाले. “जेवली काय?”

वऱ्हाडी. माझी खुर्ची मागे सरकली. मी कसंबसं म्हटलं, हो बाबा, जेवले.

“तू कवा येतं घरी?” आवाज बारीक करून ते म्हणाले, “कोणाले सांगू नको. घरात एक बाई येऊन रायली. तुह्यासारखीच दिसते. तुहे कपडे घालते. तुही सायकल बी घेऊन जाते.”

चेहरा दिसत नव्हता, आवाज होता, तेवढ्यावर मी त्यांची मुलगी होते. मी त्यांना विचारलं, ती बाई आत्ता कुठे आहे? माझ्या तोंडून असं का गेलं माहीत नाही.

“आत्ता?” त्यांनी कानोसा घेतला. “सैपाकघरात हाय. भांडे वाजून रायले.”

मावशी अकरालाच जातात. मी ऑफिसात कोणाला काही न सांगता सायकल काढली. भर दुपार, बावधनच्या बाजूने रस्ता रिकामा, डांबर तापून वास सुटलेला. चढावर मला सारखं वाटत होतं की आपण घरी पोचायच्या आधी तिथे एक आहे, आणि आपण दार उघडू तेव्हा ती वळून बघेल. हे असले विचार सुशिक्षित बाईने करू नयेत हे मला कळतं. पण ते आले.

दार उघडलं. हॉलमध्ये कोणी नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर चहाचे दोन कप, दोन्हीतून वाफ. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे. मी धापा टाकत “बाबा” म्हटलं, ते वळले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“आली काय पोट्टी!”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “ते आताच गेली,” म्हणाले. “तू आली, बरं झालं.” माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाटलं सुटलो, गोळ्या लागू पडल्या. डोळे पुसायला मी चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडला.

पुण्यातल्या बायका गाडीवर बसताना तोंड कशा बांधून घेतात ते माहीतच आहे. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, वर हेल्मेट, फक्त डोळे बाहेर. सख्खी बहीण शेजारून गेली तरी कळत नाही. घाईत मी तशीच आत आले होते. स्कार्फ सुटला, आणि बाबांचे हात माझ्या हातांतून हळूच निघाले. एक पाऊल मागे गेले.

“अहो,” ते म्हणाले. “आपण परत आलात.”

भांड्यांचा आवाज वरच्या मजल्यावरचा असेल. दुसरा कप त्यांनी मुलगी येणार म्हणून केला असेल. मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर मी घरात तोंड बांधून राहायला लागले. हसू नका. पंखा लावून, स्वतःच्या घरात, डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ. गोळ्या देताना, औषध मोजताना. बाबा वऱ्हाडी बोलायचे. “तोंड काहून बांधलं?” विचारायचे, मी म्हणायची, ऊन आहे बाबा. पण ताट पुढे ठेवलं की माझ्या डोळ्यांकडे निरखून बघत, आणि कुठेतरी काहीतरी चुकायचं. ताट सरकवत. “तू जेव, मी मंग जेवीन.” आणि एक दिवस मलाच ते असह्य झालं. आरशासमोरून जाताना स्कार्फमधली ती बाई दिसली आणि मला खरंच कळेना, दोघींतली कोणती कोण.

तेव्हा मला ती भोकं आठवली.

नारायण पेठेत गेले. दुकानदाराने आधी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हायब्रिडला कॅरिअर? उद्या पुढे बास्केट लावा, परवा आत दुधाचा कॅन ठेवा.”

“लावा,” मी म्हटलं. “जाड लोखंडी लावा. माणूस बसणार आहे.”

त्याने माझ्याकडे बघून पाना उचलला. स्वतः बसून लावलं, आणि शटर ओढायची वेळ होऊन गेली तरी बोलला नाही. वर दोनदा स्वतःचं वजन टाकून बघितलं.

आमच्या सोसायटीच्या मागे एक नवा रस्ता आहे. रुंद, गुळगुळीत, दिव्यांचे खांब लावलेले, पण पुढची जमीन सुटलेली नाही म्हणून मातीच्या ढिगाऱ्याशी संपतो. एप्रिलच्या दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. मी तोंड बांधलं, सायकल फाटकाबाहेर काढली, सीटवर बसून एक पाय टेकला आणि रस्त्याकडे तोंड करून बाबांना फोन लावला. “बाबा, खाली या. मी आले आहे.” वॉचमनला सांगून ठेवलं होतं, त्याने त्यांना फाटकापर्यंत आणलं. मी वळून बघितलं नाही. माझी पाठ घामाने भिजली होती. चपलांचा आवाज जवळ आला आणि थांबला.

मग कॅरिअर दबलं. माझ्या कुडत्याला मागून मूठ बसली.

मी पायडल मारलं. बाबा इतके हलके झाले होते की मला फार जोर लावावा लागला नाही, आणि त्याचंच रडू आलं. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना बांधून रिकाम्या पडलेल्या इमारती, खिडक्यांना अजून काचा नाहीत. चेनचा आवाज तेवढा. सिमेंटच्या रस्त्यावर आमची सावली चालली होती, एकाच सायकलवर दोघांची, आणि कोण पुढे कोण मागे ते सावलीत कळत नव्हतं.

“उतरू काय?” बाबा मागून म्हणाले. “मामा असन पुढं.”

“नाही बाबा. इथे मामा नाहीत.”

“बरं.”

थोडं पुढे गेल्यावर ते बोलायला लागले. आईचं, दापोडीच्या खोलीचं, कारखान्यातल्या भोंग्याचं. अखंड बडबड. मी पुढे बघून हुंकार देत होते. मग माझ्या कुडत्यावरची मूठ घट्ट झाली.

“ते बाई हाय ना घरात.”

“हं.”

“वाईट नाही होय ते. मी लय बारीक पाह्यलं. औषध देते. रोज ताट आणते, मी खात नाही, तरी आणते. तिचं कोणी नाही वाटते. एकटीच बसून रडते कधीमधी. तू आली म्हणून तिले हाकलू नको. राहू दे तिले.”

रस्ता संपत आला होता. समोर मातीचा ढिगारा. मला दिसत नव्हतं नीट, स्कार्फ ओला होऊन गालाला चिकटला होता. मी म्हटलं, “राहू दे, बाबा.”

“नक्की?”

“नक्की. तिला सांगा, मी राहा म्हणाले.”

परत फाटकाशी आलो. बाबा उतरले, सायकलच्या मागे उभे राहून म्हणाले, “तू जाय हापिसात, उशीर होईन,” आणि वॉचमनबरोबर लिफ्टकडे गेले. मी पार्किंगमध्ये सायकल लावली. स्कार्फ सोडला, नळावर तोंड धुतलं. जिन्याने वर आले. दाराशी थांबून मी एकदा कडीच्या वरची लाल रेघ शोधली. घराच्या दारावर नव्हतीच ती, माझ्या खोलीच्या दारावर होती. मला काही सुचत नव्हतं.

बाबांनी दार उघडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. उघड्या, ओल्या चेहऱ्याकडे. मी वाट बघत उभी राहिले.

“अहो, या ना, बाहेर का उभ्या?” ते म्हणाले, आणि बाजूला होऊन मला आत घेतलं. “आत्ता माझी मुलगी येऊन गेली. आपल्याविषयी बोललो मी तिच्याशी.” हे सांगताना त्यांना संकोच वाटत होता, ते खाली बघत होते. “राहा म्हणाली.”

मी मान हलवली.

“हात धुऊन घ्या,” बाबा म्हणाले, आणि पाटाकडे गेले. “वाढा आता. भूक लागली आहे.”